मोरपंखी जोड

२२ सप्टेंबर २०२५, सोमवार. घटस्थापना.
आजपासून तंबाखू बंद. जेवणानंतरची चिमूट औषधी असते, ती यात धरलेली नाही.

वर्कशॉपला शेवटी माझ्या तोलामोलाचं काम आलं. सांगलीकडच्या एका कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यात मिठाच्या पाण्यातून वीज सोडतात. ज्या जाळ्यांतून सोडतात ते इलेक्ट्रोड. टायटॅनियमचे. वापरून जाळी खलास झाली की ती काढायची, सांगाडा घासून सरळ करायचा, नवी जाळी वेल्ड करायची. झाला इलेक्ट्रोड नवा. एवढ्यासाठी हे लोक आजवर माल गुजरातला पाठवत होते! इथे साताऱ्याच्या एमआयडीसीत, फौजेत रणगाड्यांना वेल्डिंग मारलेला माणूस बसलाय, आणि माल गुजरातला. धन्य आहे.

काम लेकीनं आणलं, हे खरं. शिवांजलीनं मेटलर्जीचा डिप्लोमा केलाय, पुण्यात नोकरी केलीय, आणि आता घरी येऊन बापाला वेल्डिंग शिकवतेय. आधी एक सँपल द्यायचं. पास झालं तर काम कायमचं. ती म्हणते, सँपल मी करते. मी बायकोसमोर जाहीर केलं, की सँपल मीच करणार. नापास झालं तर वर्कशॉपच्या किल्ल्या पोरीच्या हातात देईन आणि कडेगावला भावाच्या उसाला पाणी पाजीन. शालू म्हणाली, आवं, असलं बोलू न्हाई, कोंडीबा भावजी तुमाला पानी बी धड पाजू द्यायचं न्हाईत. माझ्याशिवाय वर्कशॉप चालणार नाही, हे तिला कळतं.

२५ सप्टेंबर, गुरुवार
शिवांजलीचं लेक्चर. टायटॅनियम तापलं की त्याला म्हणे हवा सोसत नाही. म्हणून वरून आर्गन गॅस, खालून आर्गन, गार होईपर्यंत आर्गन. पंखा बंद, दार बंद. हात लावायचा तर नवे ग्लोव्हज, पुसायचं तर ॲसिटोननं. धातू आहे की बाळंतीण?

राजस्थानात आम्ही वावटळीत तोंडाला फडकं बांधून जोड मारलेत. एकही सुटला नाही. एक सुटला होता, पण तो गाडीचा दोष.

तिनं एक तुकडा करून दाखवला. जोड चांदीसारखा, कोरा. वेल्डिंग झालंय हेसुद्धा कळत नाही. नावं ठेवली नाहीत. पोरीचं मन मोडू नये.

२८ सप्टेंबर, रविवार, दुपारी
शिवांजली मैत्रिणीच्या साखरपुड्याला वडूजला गेली. तेवढ्यात टाकाऊ तुकड्यावर हात साफ केला. पंखा चालू, दार उघडं. खालचा आर्गन बंद. जिथं कुणी बघत नाही तिथं गॅस कशाला घालवायचा?

आणि काय जोड पडला! कडेला सोनेरी, मग जांभळा, मधे निळाशार. शेजारचा धुळा, गेट आणि ग्रील करतो, तो बघायला आला. म्हणाला, दादा, लय भारी, मोराच्या मानेगत दिसतंय. धुळाला एरवी अक्कल नाही, पण नजर आहे. तुकडा घरी आणून टीव्हीशेजारी ठेवला.

२९ सप्टेंबर, सोमवार
तुकडा बघून शिवांजलीनं कपाळाला हात लावला. म्हणाली, जोड चांदीसारखा असला तर उत्तम, सोनेरी चालेल, निळा म्हणजे हवा लागली, वाया गेला. म्हणजे सोन्याहून चांदी भारी! असला हिशेब कुठल्या बाजारात चालतो? शालू म्हणते, आवं, लेकीचं ऐका की वाईच. घरातच फितुरी.

उद्यापासून मौन. काम बोलेल.

३० सप्टेंबर, मंगळवार
मौन नाश्त्यापर्यंत पाळलं. चहात साखर नव्हती.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी.
शिवांजलीनं सँपलची जाळी आणि पट्ट्या ॲसिटोननं पुसून प्लास्टिकमध्ये गुंडाळल्या होत्या. वर चिठ्ठी, ‘हात लावू नये’. आज हत्यारांची पूजा. ग्राइंडर पाटावर, पक्कड पाटावर, आणि ज्यावर उद्या पोट चालणार तो माल प्लास्टिकमध्ये? मनाला पटेना. उघडला. हळद, कुंकू, अक्षता, झेंडू. नारळ फोडून पाणी सगळ्यांवर शिंपडलं. भोकाभोकांत कुंकू जाऊन जाळी फार देखणी दिसत होती.

शिवांजली यायच्या आत फडक्यानं पुसून, परत गुंडाळून ठेवली. चिठ्ठीसकट. ॲसिटोन वापरला नाही. देवाचं कुंकू केमिकलनं पुसणं बरं नव्हे.

तंबाखू सणामुळे थोडी जास्त झाली.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
सँपल मारलं. शिवांजली जवळ उभी राहते म्हणाली, तिला बाहेर पाठवलं. निदान खालचा गॅस तरी सोडा आबा, म्हणाली. सोडतो म्हणालो. सोडला नाही. जोड मधेमधे तडतडला. शुभ आहे. रंग रविवारच्या तुकड्यापेक्षा सरस. पॅकिंग मीच केलं, कुणाला दाखवलं नाही. दृष्ट लागते.

७ ऑक्टोबर, मंगळवार
एसटीनं सांगली. कारखान्यात तपासणीला भाग्यश्री मगदूम म्हणून मॅडम आहेत. वयानं शिवांजलीएवढ्याच. सँपल हातात घेऊन कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग चार जणांना बोलावलं. सगळ्यांनी मोबाइलवर फोटो काढले. मी शर्टाची कॉलर नीट केली.

मग त्यांनी ते शिकंज्यात धरून वाकवलं. पापडासारखं मोडलं. शिकंजा जुना वाटला.

मॅडमनी मोडलेली कड बघून विचारलं, काका, आत हे लालसर काय आहे? खरं काय ते सांगितलं. म्हणालो, कुंकू. त्या खुर्चीत बसल्या.

सँपल नापास. दुसरं आणा म्हणाल्या, पण ते शिवांजलीनं करायचं. मात्र उठताना विचारलं, हा तुकडा आम्ही ठेवून घेऊ का? असा आजवर बघितला नव्हता. याला म्हणतात कदर. वाकवण्यात गेलो, देखणेपणात नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार
शब्द म्हणजे शब्द. किल्ल्या शिवांजलीपुढे टाकल्या. तिनं घेतल्या नाहीत, नेहमीच्या खिळ्याला अडकवल्या. म्हणाली, दोघांच्याच आहेत, आबा. हे फार झोंबलं. घेतल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं.

कडेगावला फोन केला. कोंडीबा म्हणाला, पाण्याला मानूस हाय माझ्याकडं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
तिचं सँपल पास. पार दुमडलं तरी मोडलं नाही म्हणे. वाकलेला जोड पास आणि ताठ राहून मोडलेला नापास! फौजेत उलटं असतं.

मी सध्या सल्लागार. घासायचं काम माझ्याकडे. ग्लोव्हज घालून.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
शिवांजलीनं आणि मी पहिला लॉट टेम्पोनं सांगलीला पोहोचवला. मॅडमनी फोनवर सांगितलं होतं, तुमचा तुकडा ट्रेनिंग हॉलमध्ये काचेच्या कपाटात ठेवलाय. ही गोष्ट धुळाला, कोंडीबाला आणि गल्लीत दिसेल त्याला सांगून झाली होती. शालूला इरकल नेसवून सोबत नेलं.

कपाट झकास. आत दिवा. दिव्याखाली माझा जोड, निळाशार. शेजारी शिवांजलीचा, कोरा. शालूनं चष्मा लावून खालच्या पाट्या मोठ्यानं वाचल्या. शिवांजलीच्या जोडाखाली ‘असे करावे’. माझ्याखाली ‘असे करू नये’.

तेवढ्यात नव्या भरतीची पोरं आली. त्यातल्या एकानं विचारलं, हा निळा कुणी केलाय? मॅडम खिडकीबाहेर बघायला लागल्या. मी म्हणालो, साताऱ्याला धुळा म्हणून एक आहे, गेट करतो.

शिवांजली म्हणाली, नाही, आमच्या आबांनी केलाय. वेल्डिंगचा टॉर्च धरायला मला त्यांनीच शिकवलं.

पोरं माझ्याकडे बघून हसली नाहीत. वह्या काढून माझ्या जोडाचं चित्र काढायला लागली, काय काय चुकलं ते बाणांनी दाखवायला. सगळ्यात मोठा बाण कुंकवाला.

परत येताना टेम्पोत शालू म्हणाली, दोन्ही आपल्याच घरचं हाय की वो. चिमूट मळायला पुडी काढली. मळेना. माल उतरवून झाल्यापासून ग्लोव्हज हातातच होते, आणि शिवांजलीला विचारल्याशिवाय काढावेत की नाही, ते कळेना.