अण्णांचा आवाज आणि बारा व्होल्ट

मंगळवार, दिवेलागण. दहिवडी.

या गृहातील समस्त विद्युत्कार्याचा स्वयंघोषित अधिपती असलेला मी आज भ्यालो. हे इथेच नोंदवावे, अन्यत्र नको.

पाण्याची टाकी भरली की माझा काडेपेटीपेक्षा जरासा मोठा संगणक कै. अण्णांच्या आवाजात ओरडतो, "मोटार बंद कर रं, पाणी चाललं!" थट्टेत केलेले ध्वनिमुद्रण. आता वडिलांचा तेवढाच आवाज उरला आहे, आणि त्याची दुसरी प्रत नाही. आळस, दुसरे काय?

बॅटरीच्या बारा व्होल्टचे पाच करणारा जुना कन्व्हर्टर काल निवर्तला. आज नव्याची तार संगणकाला टेकवणार, तोच, "मोटार बंद कर रं!" वीज नसलेल्या यंत्रातून!

तार मागे घेतली आणि आधी मीटर लावला. नव्याचा व्होल्ट कमी करणारा स्क्रू मी फिरवलाच नव्हता. तो बाराच्या बारा व्होल्ट सोडत होता. तार टेकली असती तर अण्णांच्या आवाजाचेही दहन झाले असते.

आधी प्रत काढली, मग पाणी प्यालो. कारणही सापडले: चार्जिंगला लावलेल्या स्पीकरच्या तारेतून वीज उलटी संगणकात शिरत होती. शास्त्र प्रसन्न झाले. मग गच्चीवर जाऊन पाहिले, तर टाकी अर्धी रिकामी. मग ओरडावे का? आणि नेमके तेव्हाच?

आईला विचारले, "तू ऐकलंस ना?"

ती भाकरी थापत म्हणाली, "ऐकलं की. तू वायरीला हात लावलास की ते वरडायचेच. टाकीचा काय संबंध त्यात?"