मुहोंजाच्या कोंबड्यांचे जंत

६ एप्रिल
मेहुणी कागेहा आली. पाहुणी आली म्हणजे कोंबडी कापणं आलंच. तिनंच कापली, अंगणात. अंगणापलीकडचं स्वयंपाकघर माझ्या बायकोचं, मुहोंजाचं; ती वारल्यापासून त्याची कडी मी काढलेली नाही. आतडं उघडलं तर पांढऱ्या दोऱ्यांचा गुंता, आणि तो हलत होता. कागेहा म्हणाली, दाजी, ताईनं जीव लावून वाढवल्या आणि तुम्ही जंतांना जेवू घातल्यात. घरधन्याचा मान म्हणून कोंबडीचा पेटा माझ्याच ताटात वाढला. गिळवला नाही.

मुहोंजाच्या तीन उरल्या. काळी, तांबडी, ठिपकी. या घरात तिचं म्हणून श्वास घेणारं दुसरं काही नाही. निश्चय : महिनाभरात तिन्ही ठणठणीत.

७ एप्रिल
बाजारात औषध आणलं. दुकानदार मिदेवाबाई म्हणाल्या, पूड पाण्यात मिसळा, आणि कोंबड्या झोपतात तिथला केर खरवडून काढा, नाहीतर जंतांची अंडी टिपून टिपून पुन्हा पोटात जातील. हे दोनदा सांगितलं. मला शिकवतायत. चहाच्या पानांच्या खरेदी केंद्रावर आयुष्यभर पानं तोललीत मी. औषध म्हणजे शेवटी वजनाचाच हिशेब.

केराचं म्हणाल तर, कोंबड्या स्वयंपाकघरात झोपतात. दाराखालच्या फटीतून आपल्या आपण ये-जा करतात. मला आत जाता येत नाही. आमच्यात पुरुष बाईच्या चुलीपाशी जात नाही. रिवाज आहे, माझा इलाज नाही.

८ एप्रिल
औषधाचं पाणी तसराळ्यात भरून ठेवलं. पावसानं अंगणभर डबकी. तिघी डबक्यातलंच प्यायल्या. तसराळ्यात फक्त डोकावल्या. वासानंही थोडा गुण येत असेल.

पहाटे स्वयंपाकघरामागून कुणीतरी कोंबड्यांना हाक मारली. टू-टू-टू. शेजारची सेलिफा असणार.

११ एप्रिल
चमच्यानं पाजलं. निम्मं शर्टावर. मग काट्याला टांगून वजनं घेतली. तिघींचीही घटलीत. उत्तम. जंत बाहेर पडतायत. जंतांनाही वजन असतंच की.

१५ एप्रिल
काळी मेली. वय झालं होतं. मुहोंजा म्हणायची, हिनं आत्ता कुठं अंडी घालायला सुरुवात केलीय. पण तिच्या तारखांवर कुणी भरवसा ठेवावा?

कागेहाचा फोन. केर काढलात का? म्हटलं, काढतोय. खोटं नाही बोललो. मनात रोज काढतो.

सेलिफाचा मुलगा कुंपणापाशी भेटला. म्हातारी रविवारपासून लेकीकडे किसुमूला गेलीय म्हणे. हाक तर आजही आली. हाकेनंतर बारीकसा खोकलाही. वारा असेल.

१९ एप्रिल
आज ठरवून गेलो. कडीला हात लावला आणि आत काहीतरी सरकलं. चुलीपुढचं बुटकं स्टूल मागे सारून ती उठायची तेव्हा व्हायचा तसा आवाज. परत आलो. पाठीत उसण भरलीय, पावसाळी हवेत जड काम करू नये. त्याऐवजी कोरफड चिरून पाण्यात टाकली. मुहोंजाही टाकायची.

हे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. मला तिची भीती वाटत नाही. पहाटे ती कोंबड्यांना बोलवायला येते, मी भिंतीकडे तोंड करून ऐकत पडतो, आणि बरं वाटतं. तिच्या चुलीची राख, तिथली धूळ खरवडून बाहेर टाकली तर ती कशाला येईल? म्हणून मी आत जात नाही.

वाऱ्याचंही असेल म्हणा.

२३ एप्रिल
तांबडी गेली. ठिपकी पंख पाडून बसलीय, तुरा पांढराफटक. वजन घेतलं नाही. काट्यात बिघाड वाटतो.

कागेहा आली. पहिल्यांदाच तिच्यासाठी काही कापलं नाही. म्हणाली, दाजी, रिवाज-बिवाज मला सांगू नका. ताई होती तेव्हा चहासाठी दिवसात दहादा त्या चुलीपाशी जाऊन बसायचात, सगळं गाव हसायचं. आता कुठून आला रिवाज? द्या ती ठिपकी, माझ्याकडे तरी जगेल.

दिली नाही. ती दिली तर पहाटे इथं कुणासाठी कोण येणार? हे तिला सांगितलं नाही. औषध चालू आहे, एवढंच म्हणालो. ती रडत गेली.

२४ एप्रिल
आत गेलो. दारातूनच, मी येतोय गं, असं सांगितलं. मग वेड्यासारखं वाटलं.

आत कुणी नव्हतं. स्टूल भिंतीशी. केराचा थर पायाला मऊ लागत होता. फावड्यानं सगळा खरवडला, केळींच्या आळ्यात नेऊन टाकला, जमीन उकळत्या पाण्यानं धुतली, वर कोरडी राख पसरली. ठिपकीला चोच उघडून औषध पाजलं, एक थेंब सांडला नाही. मिदेवाबाईंनी सांगितलेलं सगळं झालं. उद्यापासून उतार पडणार, खात्री आहे.

२५ एप्रिल
ठिपकी सकाळी चुलीपाशी गार पडलेली. मिदेवाबाई म्हणाल्या, औषध बरोबर होतं, तुम्ही उशीर केलात. मी त्यांना पावसाचं सांगायला लागलो. अर्ध्यावर थांबलो.

२६ एप्रिल, पहाट
भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. उजाडलं. काही ऐकू आलं नाही. वाराही नव्हता.

२७ एप्रिल, पहाट
आजही नाही.

शेवटी मीच मागच्या बाजूला जाऊन टू-टू-टू केलं. मला तिच्यासारखं जमत नाही. सेलिफाच्या कोंबड्या कुंपणाखालून धावत आल्या. मूठभर मका टाकला. तो संपवून त्या आपल्या घरी गेल्या. स्वयंपाकघराचं दार मी सताड उघडं ठेवलं होतं. आत कुणी गेलं नाही.