कप्तानाचा लाल झगा

१ मार्च, शनिवार. सकाळ

आजपासून रोजनिशी. कुणालाही दाखवायची नाही. या घरात ती वाचायची लायकी असलेला माणूस मी एकटाच.

मुद्दा मागच्या खोलीचा. चांगला उजेड, माझं टेबल, माझे ब्रश आणि एकशे चौदा चिमुकले सैनिक, अंगठ्याएवढा एकेक. रंगवून पूर्ण झालेले: शून्य. कारण मी दर्जाशी तडजोड करत नाही.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सासरे आमच्याकडे राहायला आलेत. हॉलमध्ये सोफ्यावर झोपतात. बायकोचं टुमणं, की ती खोली बाबांना द्या. मी म्हणालो, तीस तारखेला आमच्या मिनिएचर क्लबचं प्रदर्शन आहे, बक्षीस आणून दाखवतो. ती हसली. मग म्हणाली, बरं, बक्षीस ज्याचं, खोली त्याची. हे वाक्य मी तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं आणि इथे लिहून ठेवतोय. मागाहून शब्द फिरवायला नको.

सोफ्यावर काय कमी आहे? टीव्ही समोरच आहे.

२ मार्च

कप्तान निवडला. एक पाय खडकावर, हातात तलवार, पाठीवर लांब झगा. झगा लाल करणार. वॉश आणि ग्लेझने.

व्हिडिओ बघितला. वॉश म्हणजे पातळ गडद रंग. तो खाचांत जाऊन बसतो, सावली आपोआप पडते. ग्लेझ त्याहून पातळ, काचेसारखा. खालचा रंग त्यातून दिसत राहतो. असे थरावर थर, आणि प्रत्येक थर पूर्ण वाळला की मगच पुढचा. व्हिडिओतला माणूस इतका सावकाश बोलतो की शिसारी आली. दुप्पट वेगाने लावला. शेवटची अकरा मिनिटं सोडली. तत्त्व कळलं.

३ मार्च. संध्याकाळ

सासरे काठी टेकत खोलीच्या दारात. चाळीस वर्षं फर्निचरला पॉलिश केलंय त्यांनी. त्यामुळे कुठलीही वस्तू दिसली की मत. म्हणाले, जावईबापू, आधी फुटक्या लाकडावर हात मारून बघावा, मग कपाटाला लावावं. आणि पातळ लावा, वाळू द्या.

कपाट! मी इथे कला करतोय आणि हे कपाट काढतात. पण वाद नको म्हणून डब्याच्या तळाचा एक बाद तुकडा घेतला. कंदील धरलेला म्हातारा. ओतकामातच नाक गेलंय. नाव ठेवलं नकट्या. ब्रश एकदा त्याच्यावर फिरवायचा आणि मग कप्तानाकडे वळायचं. सासऱ्यांचं समाधान.

नकट्या खिडकीत ठेवला, तोंड भिंतीकडे. बघवत नाही.

५ मार्च

कप्तानाला पहिला वॉश. नकट्यावर जरासा लावून बघितला, तो फारच पातळ वाटला. एवढ्याशा रंगाने काय होतंय? कप्तानाला चांगला सढळ हाताने दिला. झग्यावर जिथेतिथे वर्तुळं उमटली, ओला चहाचा कप टेकवल्यासारखी. रंगच भिकार. हल्ली कुणाला काही बनवता येत नाही.

ऑफिसात दिवसभर डोकं उठलं. मी लिफ्टच्या कंपनीत तक्रारींच्या फोनवर बसतो. लोक अडकतात आणि मला ओरडतात. सगळ्यांना माझं एकच उत्तर असतं: माणूस निघालाय. लोकांना धीर म्हणून नाही.

८ मार्च. दुपारी ४

रंगाचं पाणी प्यालो. चहा समजून. अर्धा कप जाईपर्यंत लक्षात आलं नाही. यावरून बायकोच्या चहाबद्दल काय ते समजावं. हे तिला बोलून दाखवलं. आता चहा मीच करायचा असं ठरलंय.

९ मार्च

वर्तुळं झाकायला लाल ग्लेझ. ते वाळेना. बायकोचा हेअर ड्रायर लावला. ग्लेझ झग्यावरून पळत जाऊन कप्तानाच्या चेहऱ्यावर. शिवाय ड्रायरमधून बायकोचा एक लांब केस उडाला तो थेट तलवारीला चिकटला. चिमट्याने काढायला गेलो तर केस तुटला. अर्धा अजून आत आहे.

शी. घरात केस तरी किती गळावेत माणसाने!

नकट्यावरचा थर मात्र निमूट वाळला. अर्थात त्याच्यावर लावतो तरी किती, नखाएवढं.

१२ मार्च

सासऱ्यांनी नकट्यावर काचेचा ग्लास पालथा घालून ठेवलाय. म्हणे धूळ बसू नये. अहो, तो माझा ब्रश पुसायचा म्हातारा आहे! पण ग्लास उचलायचा, कधी लाल, कधी पिवळा असा एक हात फिरवायचा आणि परत झाकायचा, ही सवय लागलीय. रोज सकाळी ऑफिसला निघताना. उशीर झालेला असतो, त्यामुळे एकाहून जास्त वेळा हात फिरवायला सवडच मिळत नाही.

१६ मार्च, रविवार

क्लबची मीटिंग. डेंटिस्ट आला होता. गेली तीन वर्षं पहिलं बक्षीस याचंच. दिवसभर लोकांच्या दातांत कोरून कोरून हात बसलाय, त्यात कौतुक कसलं? मला विचारतो, कसं चाललंय. मी म्हणालो, यंदा रुमाल घेऊन या. तो म्हणाला, का, सर्दी झालीय का तुम्हाला? असल्या माणसाशी काय बोलणार.

घरी येऊन त्वेषाने कप्तानाला एका बैठकीत चार ग्लेझ. ओल्यावर ओलं. खालचा थर सोलून वर आला. दुधावरची साय ओढावी तसा.

निश्चय: उद्यापासून संयम.

१७ मार्च

संयम पाळला. सव्वासहा ते साडेसहा.

२१ मार्च

कप्तानाचा झगा आता इतका जाड झालाय की घड्या बुजल्या. बायको दारातून म्हणाली, अय्या, याने रजई पांघरलीय का? सासऱ्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि एवढंच म्हणाले, की कपाट असतं तर खरवडून परत केलं असतं. मग खिडकीत जाऊन नकट्यासमोर उभे राहिले, खाली वाकून. गुडघ्यात जीव नाही आणि हे वाकतात! म्हणाले, हा छान येतोय.

टोमणा मारायची ही पद्धत मला चांगली ठाऊक आहे. या घराण्यात ती चालतच आलीय.

२६ मार्च

कप्तानाला हात लावला की चिकटतो. ठीक आहे. लोक बघायला येतात, चाचपायला नाही.

बायकोने पलंगासाठी खोलीचं माप घेतलं. मी बसलेला असताना! टेपचं दुसरं टोक माझ्याच हातात दिलं. हा अपमान मी तीस तारखेपर्यंत तसाच जपून ठेवणार.

२९ मार्च, शनिवार

तयारी पूर्ण. तुलना करून बघितली तर क्लबात माझ्याएवढी धाडसी रंगसंगती कुणाची नाही. डब्यात कप्तान हलत होता, म्हणून बाजूला टेकू म्हणून नकट्याला कोंबलं. अखेर उपयोगी पडला बिचारा.

३० मार्च, रविवार. संध्याकाळी ७

क्रमाने लिहितो.

प्रदर्शनाचा हॉल भरलेला. सासऱ्यांनाही घेऊन गेलो होतो, बायकोचा आग्रह. मी कप्तान मधोमध ठेवला. नकट्या डब्याच्या झाकणाशी पडला होता तो तसाच राहू दिला. परीक्षक बाई भिंग घेऊन आल्या. त्यांनी कप्तान उचलला, हं म्हणाल्या, खाली ठेवला आणि रुमालाला बोटं पुसली. मग झाकणाशी हात घालून नकट्याला उचललं.

भिंग फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग त्यांनी डेंटिस्टला बोलावलं. त्याने भिंग लावलं. मग आणखी दोघे. एकमेकांना कंदील दाखवतायत, गाल दाखवतायत. सगळे नकट्याभोवती आणि माझा कप्तान एकटा. मला सगळं समजलं: थट्टा चाललीय. बाईंनी विचारलं, हे कुणाचं काम? मी ताडकन म्हणालो, माझं नाही, सासऱ्यांचं आहे. चारचौघांत मोठ्याने. बाई म्हणाल्या, मग स्पर्धेची चिठ्ठी भरा. भरली. माझ्या अक्षरात, सासऱ्यांच्या नावाने, खाली माझी सही. म्हटलं, होऊ दे यांची शोभा.

पहिलं बक्षीस नकट्याला.

बाई माइकवर म्हणाल्या, सव्वीस-सत्तावीस थर असतील, एकेक पूर्ण वाळवलेला. कंदिलाचा उजेड गालाच्या आतून येतोय असं वाटतं. या वयात हा संयम! लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. सासरे खुर्चीत बसल्या जागी माझ्याकडे बघत होते. डेंटिस्टने खरंच रुमाल काढला.

मी पुढे धावलो, माझं आहे म्हणालो. लोक हसले. म्हणाले, जावई गमत्या आहे.

३१ मार्च

सासरे सज्जन माणूस. हे मी पूर्वीही कुठेतरी लिहिलं असेलच. सकाळीच त्यांनी परीक्षक बाईंना फोन लावला आणि सरळ सांगितलं, की मी ब्रश हातात धरलेला नाही, मी फक्त ग्लास झाकला, काम जावयाचं आहे. बाईंचा विश्वास बसेना. म्हणाल्या, त्यांचं काम शेजारीच होतं, आम्ही सगळ्यांनी बघितलंय.

बायकोलाही सांगितलं. ती म्हणाली, बाबा, यांची बाजू कशाला घेता? आणि माझ्यासमोर काल प्रदर्शनात काढलेला माझ्याच सहीच्या चिठ्ठीचा फोटो धरला. वर तेच दोनदा वदवून घेतलेलं वाक्य.

विचारत होती, टेबल कधी हलवताय. मी म्हणालो, माणूस निघालाय. ती म्हणाली, माणूस इथेच उभा आहे, दुसरं टोक धरा.

१ एप्रिल

पलंग आत गेला. टेबल हॉलमध्ये, टीव्हीच्या मागे. उजेड भिकार. कप्तान फडताळावर ठेवला तो फडताळाला चिकटलाय.

नकट्या खोलीच्या खिडकीत. तोंड आता आतल्या बाजूला. सासरे म्हणाले, वाटेल तेव्हा येऊन बघत जा. दुपारी ते झोपले असताना गेलो. नुसता उभा राहिलो. गालावरचा पिवळा उजेड, कोटाचा लाल, घडीतली सावली. चांगलं आहे. फार चांगलं आहे. माझ्या हातचं आहे, आणि कुठला थर कधी लावला त्यातलं मला काहीही आठवत नाही.

मग लक्षात आलं की गुपित तर मला आता माहीत आहे. पुढच्या वर्षीचं बक्षीस खिशात. नवा तुकडा, दिवसाला एक थर, वर ग्लास. यात कठीण ते काय?

२ एप्रिल. सुट्टी घेतली

१०.०५. पहिला थर. इतका पातळ, इतका सुरेख! सासऱ्यांनी स्वतः ग्लास आणून पालथा घातला. आता उद्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही.

१०.२०. ग्लास उचलून नुसतं बघितलं.

१०.४०. वाळलाय. जवळजवळ.

१०.४५. दुसरा थर.

१०.५०. शी.