गप्प बसलेला पट्टा

प्रिय ताई,

धाकट्याचा नमस्कार. मी धडधाकट आहे. भाऊजींचा गुडघा कसा आहे?

महामार्गाच्या कामावर आम्हाला दंडाला बांधायचे पट्टे मिळालेत. गाडी कडेला मांडलेले केशरी प्लास्टिकचे कोन उडवून आत घुसली की पट्टा थरथरतो, आम्ही पळतो. आधी वाऱ्यानं कोन पडला तरी थरथरायचा आणि काम थांबायचं. आठवडाभर मात्र गप्प. मुकादम म्हणाला, "ड्रायव्हर सुधारलेत." मला शंका आली. मी मुद्दाम एक कोन लाथाडला. पट्टा गप्पच.

मी मुकादमाला म्हणालो, "बंद केलात ना? हा आमच्या जिवासाठी आहे, तुमच्या घाईपायी बंद करायला नाही."

"भाषण नको, फावडं उचल."

मी उचललं नाही, मग कुणीच उचललं नाही. तेव्हा कुठे पट्टे चालू झाले.

आता रोज आधी कोन पाडून बघतो, मगच गाड्यांकडे पाठ करतो. आईला एवढंच सांग, पट्टे उत्तम आहेत.

तुझा भांडखोर भाऊ