बॉयलरमधले दोन ठोके

४ मार्च २०१३
केजहून जीपला लोंबकळत कारखान्यावर पोचलो. आई-आबा लांब दुसऱ्या जिल्ह्यात ऊसतोडीवर, आणि मी आयटीआय पास फिटर, म्हणजे घरातला पहिला साहेबच. दुष्काळामुळे ऊस नाही, म्हणून आमचा सहकारी कारखाना यंदा बंद आहे. बॉयलरची डागडुजी तेवढी चालू. वर्षभर टिकलो की अनुभवाचा दाखला, मग पुण्यात नोकरी. कोयता काही हातात धरायचा नाही. तू मला पोरासारखा, असं इथले बॉयलरचे जुने मिस्त्री तात्याबा वस्ताद म्हणाले. रोजचं काम खिशातल्या वहीत लिहीत जा, असंही त्यांनीच सांगितलं. लई भला माणूस.

९ मार्च
बॉयलरच्या ड्रममध्ये शिरून खार खरवडतो. आतला माणूस दिसत नाही, म्हणून हातोडीची भाषा: एक ठोका म्हणजे ठीक, दोन म्हणजे बाहेर काढा. वस्ताद बाहेर झाकणाशी बसतात. जेवण शेजारच्या मुक्ताबाईंकडे. त्यांचा भारतही इथंच शिकाऊ होता. दोन वर्षांपूर्वी पुण्याला गेला, असं वस्तादांनी त्यांना सांगितलंय. तेव्हापासून फोन नाही. त्या मला एक भाकरी जास्तच वाढतात.

१४ मार्च
आत एकटाच होतो. मागून दोन ठोके आले. थंड होताना लोखंड वाजतंच, असं वस्ताद म्हणाले. पण बॉयलर यंदा पेटलाच नाही.

१८ मार्च
पुन्हा दोन. थांबून दोन. गंमत म्हणून मी एक ठोका दिला, तर ते थांबेचनात. बाहेर पडताना बॅटरीचा उजेड झाकणावर पडला. आतल्या बाजूला हातोडीचे व्रण. शेकडो. सगळे जोडीजोडीनं.

२० मार्च
वस्तादांना व्रणांचं विचारलं. मटकन बसले आणि रडले. भारत आत आहे का ते न बघताच झाकण लावलं, गळती बघायला चाचणीचं पाणी सोडलं, ठोके ऐकूच आले नाहीत, म्हणाले. वरच्यांनी तोंड बंद ठेवायला लावलं. मुक्ताबाईंना सांगा, नाहीतर मी सांगतो, असं मी म्हणालो. उद्या सांगतो, फक्त एवढा ड्रम उरकू, म्हणाले. माझा विश्वास बसला. म्हातारा माणूस रडला की बसतोच.
गावाला प्यायला पाणी नाही, आणि आज कारखान्यात तीन टँकर आले.

२१ मार्च, दुपार
झाकण लागलं. चुकून असेल —

मी दोन ठोके दिले. परत दोन. बोल्ट आवळतायत —

पोरासारखा म्हणाले होते —

बाहेर मुक्ताबाई. डबा आणलाय. मी बीडला गेलो, असं वस्ताद सांगतायत त्यांना. मग आत कोण ठोकतंय, मुक्ताबाई विचारतायत. नळ्यांत पाणी चढतंय, म्हणतायत वस्ताद —

"भारत गेला त्या दिशीबी असंच वाजत हुतं की ओ, वस्ताद."

म्हणजे तेव्हाही त्या इथंच उभ्या —

पाणी गुडघ्याला. हातोडी कुठंतरी पडली. तरी ठोके. माझ्या शेजारून. दोन — दोन —

मुक्ताबाई, जाऊ नका, आत आम्ही दोघं