डोक्यातल्या नांग्या

१४ जून, रात्री
कटिंग करताना उकंडानं कात्री थांबवली आणि मागून आरसा धरला. कानामागे रुपयाएवढी जागा साफ. म्हणाला, "अमरभाऊ, चाई लागली तुमाले." बाकावरचे दोघं लगेच वाकून बघायला लागले. हेल्मेटनं घासलं असेल, असं मी त्यांना सांगितलं. मी हेल्मेट वापरत नाही हे अख्ख्या दारव्ह्याला माहीत आहे.
घाबरण्यासारखं काही नाही. आपण कृषी केंद्र चालवतो. शेतात बी उगवलं नाही तिथं पुन्हा टोबायचं, नांग्या भरायच्या, हे रोज गिऱ्हाइकांना सांगतो. डोकं काय वेगळी जमीन आहे.

१७ जून
यवतमाळ. स्किनच्या डॉक्टरबाई. रोज दोनदा लोशन, तेही मोजून. दर महिन्याला त्या जागेत बारीक इंजेक्शनं. म्हणाल्या, शरीर आपल्याच केसांना परकं समजायला लागतं, कधी आपोआपही येतात, धीर धरा. धीर धरणारी माणसं मागे राहतात.
बाबांना सोबत नेणार होतो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. पण एका दिवसात दोन दवाखाने होत नाहीत. पुढच्या खेपेला नक्की.

२ जुलै
डोस डबल केला. शिवाय घरात पडलेलं एक मलम त्यात कालवलं. डोस वाढवू नका, औषधं मिसळू नका, असं मी गिऱ्हाइकांवर ओरडतो, पण ते अडाणीपणानं करतात. मी अभ्यास करून केलंय.

६ जुलै
डोकं लाल. आग. घामामुळे असावी.

१८ जुलै
दुसरी खेप. डॉक्टरबाई बोलल्या बरंच. मलम बंद.
बाबा सकाळीच धुतलेलं धोतर नेसून ओट्यावर तयार बसले होते. पण ते मोटारसायकलवर बसू शकत नाहीत. एसटीनं जावं लागतं, आणि एसटीत मागच्या सीटवरचा माणूस यवतमाळ येईपर्यंत माझ्या डोक्याकडेच बघणार. पुढच्या खेपेला, म्हटलं. बाबा म्हणाले, "राहू दे, मले काय घाई हाये." समजूतदार आहेत.

१२ ऑगस्ट
केस आले. कपाळावर. लोशन ओघळतं म्हणे. निकिता चहा देताना म्हणाली, "वावर मोकळं अन् धुऱ्यावर गवत." बायकोनं नवऱ्याच्या कपाळाला शेताचा बांध म्हणू नये.
आता टोपी कायम. बियाणं कंपनीनं दिलेली, समोर 'भरघोस उगवणीची हमी' छापलंय. घरातही घालतो. फक्त बाबांजवळ बसलो की काढतो. तिथं कसली भीती. खरं लिहायचं तर दिवसभरात तेवढंच बरं वाटतं.

२९ ऑगस्ट
बाबा पायरी चुकले. पडले. गुडघा सुजलाय. निकिता बोलत नाही.
उपाय काढला. पायऱ्यांना पांढरा रंग. म्हणजे त्यांना दिसतील.

३० ऑगस्ट
रंग ओला होता. बाबांना दिसला नाही.

१८ सप्टेंबर
आज नवीन प्रोसिजर. आपलंच रक्त काढून मशिनमध्ये फिरवायचं, त्यातलं पिवळं पाणी सुयांनी डोक्यात सोडायचं. ही खरी टोबणी. खूप दुखलं. सांगणार कुणाला?
घरी आल्यावर निकिता म्हणाली, "तुमच्या डोक्याच्या चार खेपा झाल्या. बाबाच्या डोळ्याची एक नाई." सीझन संपला की नेतो म्हटलं. कोणता सीझन, असं विचारून ती आत गेली.

३ ऑक्टोबर
कानाच्या वर दुसरी जागा. झोप नाही.
सकाळी बाबांच्या पाया पडलो. हल्ली आशीर्वादाचा हात डोक्यावर जरा जास्त वेळ ठेवतात, फिरवतात. म्हातारपणी माया वाढते.

१५ ऑक्टोबर
निकिताच बाबांना एसटीनं घेऊन गेली. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. आणखी थांबले असते तर डोळा गेला असता, असं डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले. तिनं फोनवर एवढंच सांगितलं आणि ठेवला. दुकानात हरभऱ्याच्या बियाण्याला गर्दी होती. तरी लवकर बंद केलं. काही सुचत नव्हतं.

१६ ऑक्टोबर
तिकडेच पट्टी काढली आणि दोघं संध्याकाळी घरी आले. मी टोपी घालून तयार. बाबांनी भिंत पाहिली, अंगण पाहिलं, निकिताकडे बघून हसले. मग माझ्याकडे वळले. "टोपी काढ. लय दिवस बोटानं पाह्यली, आता डोयानं पाहू दे."
काढली. दिव्याखाली मान वाकवून बसवलं. बराच वेळ बघत होते. म्हणाले, "तीन हायेत." मी म्हटलं, दोन. त्यांनी माझं बोट धरून तिसरीवर ठेवलं.
मग कानामागे हात लावून म्हणाले, "इथं उगवून राह्यले. पांढरे हायेत."
माहीत होतं तर बोलला का नाहीत, असं विचारलं. ऑपरेशनचा हट्ट तरी धरायचा. म्हणाले, "माह्याजवळच त तू बिनटोपीचा बसत होता. डोये आल्यावर कायले बसला असता?"
रडू आलं, तेही त्यांना दिसलं.
दुसऱ्या डोळ्याला मीच नेणार. एसटीनं. टोपी न घालता. सगळ्यात मागची सीट मिळाली तर बरं.