मावशीच्या मधाची रेडिओ-तपासणी

तीर्थस्वरूप काकांना,

वाकून नमस्कार. गुडघा आता जिना चढू देतो का आणि खोकला उतरला का, ते आधी कळवा. इकडे सगळं ठीक. मावशी सुखरूप पोचली. वाटभर तिने मधाची बाटली मांडीवर अशी जपून धरली होती म्हणे, की एका प्रवाशाने उठून बाळंतिणीला द्यावी तशी तिला खिडकीची जागा दिली.

ती का आली ते तुम्हाला ठाऊक आहेच. शेजारचे मास्तर चारचौघांत म्हणाले, "वहिनी, तुमच्या मधात साखर आहे." (यंदा त्यांच्या मधपेट्या ओस पडल्या आणि मावशीच्या भरल्या, हे दुखणं वेगळंच.) तेव्हा मावशीने ठरवलं की भाची प्रयोगशाळेत आहे, ती काय नुसता पांढरा कोट मिरवायला?

आमचं यंत्र दिसायला पाण्याच्या टाकीसारखं, पण पोटात जबरदस्त चुंबक. भोवती जमिनीवर पिवळी रेघ, तिच्या आत धातू न्यायचा नाही. मी बजावून सांगितलं. "मला शिकवू नकोस," म्हणत मावशी रेघ ओलांडून थेट टाकीला हात लावायला गेली आणि लग्नात तुम्ही दिलेलं चावीचं घड्याळ जागच्या जागी थांबलं. (त्यावर ती जे बोलली ते तुमच्या घराण्याबद्दल होतं, म्हणून गाळते.)

मधाचा थेंब पाण्यात विरघळवून बारीक काचनळीतून आम्ही चुंबकाच्या पोटात सोडला. मग त्यावर रेडिओलहरी सोडायच्या, रेडिओवर गाणी लागतात त्याच जातीच्या. त्यांच्या धक्क्याने थेंबातले हायड्रोजनचे अणू कलंडतात आणि सावरता सावरता स्वतःच रेडिओवर कुजबुजतात. मधात मुळातच असणाऱ्या ग्लुकोजमधल्यांचा सूर निराळा, आपल्या चहातल्या साखरेतल्यांचा निराळा. संगणक ते सूर सुटे करून कागदावर शिखरं काढतो. (आभाळातल्या हायड्रोजनचीही अशी रेडिओ-कुजबुज ऐकायला लोक मोठमोठ्या तबकड्या रोखून बसतात, असं मी कौतुकाने सांगितलं. मावशी म्हणाली, "आभाळाचं राहू दे, मास्तरांचं बघ.")

काका, साखरेचं जिथे टेकाड दिसायला हवं, तिथे डोंगर होता.

"तुझं मशीन बिघडलंय," मावशी म्हणाली. मी दुकानातला मध घालून पाहिला, तो सरळ निघाला. मग ती स्टुलावर बसली आणि हळूच म्हणाली, "माझ्या हातून एक कण गेलेला नाही गं." इतका वेळ मी गालातल्या गालात हसत होते. ते हसू मावळलं.

घरी आल्यावर विषय बदलावा म्हणून मी चहा टाकला, तर दुसरं प्रकरण निघालं, म्हणजे तुम्ही. डॉक्टरांनी गोड जरा कमी करा म्हटल्यापासून घरातली साखर उलट दुपटीने संपते. दुपारी तिचा डोळा लागला की तुम्ही डब्याशी जाता, म्हणून तिने तुमचा चहा बिनसाखरेचा केला आणि डबा कपाटात कोंडला. तरी तुम्ही बाहेरून पुडे आणताच. "या वयात चोरून साखर खातात," ती म्हणाली, "मी कुणाजवळ बोलू?"

आता एका घरातून साखर नाहीशी व्हावी आणि त्याच घरच्या मधात सापडावी, याला फार शास्त्र लागत नाही. यंदा फुलोरा आलाच नाही. माश्या उपाशी मरणार, आणि तुम्हाला तर दारात उपाशी मांजर बघवत नाही. बशीत साखरेचं पाणी करून तुम्हीच पेट्यांत ठेवलं असणार. पण तोवर मावशी गावभर सांगून बसली होती, "आमचा मध निव्वळ फुलांचा." मग कोणत्या तोंडाने सांगणार? फिका चहा पीत गप्प बसलात.

मावशीला मी काही बोललेले नाही. ती आत झोपली आहे. तिला तुम्ही सांगता की मी सांगू, तेवढं कळवा.

तुमची भाची,
(तुम्ही जिला अजून 'शंकासूर' म्हणता ती)

ता. क. मावशी झोपली नव्हती. मी पाकीट शोधायला उठले तेवढ्यात तिने पत्र वाचलं. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या माश्या राहिल्या त्या यांच्यामुळे." नंतर पदराने चष्मा पुसत मला मजकूर सांगितला, तो असा: कपाटाची किल्ली पिठाच्या डब्यात आहे. चहात साखर घालून घ्यावी. एकच चमचा. मी आले की आपण दोघं मास्तरांकडे जाऊ. बोलेन मी, तुम्ही नुसते शेजारी उभे राहा.

आणखी ता. क. खरं काम सांगायचं राहिलंच. मावशीबरोबर परत फक्त रिकामी बाटली येईल. तपासून उरलेला मध आमच्या विभागप्रमुखांनी पावाला लावून संपवला. आणखी एक बाटली पाठवा. शुद्ध नसला तरी चालेल म्हणतात. दुकानातलाही त्यांनी चाखून पाहिला, त्याला म्हणे ही चव नाही.